यंत्रांवर सरसकट बंदी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या एका शालेय चित्रकला स्पर्धेला यंदा परीक्षक म्हणून गेले होते. विषय होता नाशिकचा गोदाघाट. काही चित्रं एआयकडून करवून, प्रिंट काढून आणलेली होती, ते बघताक्षणी कळत होतं. नदी भलतीच रुंद, पाण्यात नावा, काठावर बनारसच्या घाटासारख्या छत्र्या. घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचा पत्ताच नाही! पुराचं पाणी कुठवर चढलं हे अख्खं नाशिक ज्याच्याकडे बघून सांगतं, तो मारुती घाटावर बसून स्केच करणाऱ्या मुलाकडून सुटूच शकत नाही. ती चित्रं बाद झाली ते योग्यच झालं. पण त्यांच्याबरोबर आठवीतल्या एका मुलीचं चित्रही माझा विरोध डावलून बाद केलं गेलं. पुढच्या वर्षीपासून तर यंत्राने काढलेलं कोणतंच चित्र घ्यायचं नाही, असं घाटतं आहे.

या मुलीने जुन्या प्रिंटरच्या मोटर काढून पेन धरणारं यंत्र जुळवलं होतं. एक मोटर पेन आडवं नेते, दुसरी उभं, तिसरी लहानशी मोटर ते उचलते आणि टेकवते. नारोशंकराच्या देवळाच्या शिखरावर रेषा कुठे दाट, कुठे विरळ, हे तिने स्वतः बसून ठरवलं. यंत्राला सूचना जी-कोडमध्ये, म्हणजे कुठून कुठे सरकायचं हे सांगणाऱ्या यंत्राच्या भाषेत, द्याव्या लागतात. अंबडच्या कारखान्यात सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर चालणारं यंत्र) चालवणाऱ्या तिच्या वडिलांनी त्या वाचून दोन ठिकाणची गफलत दाखवली. रेषा संपताना पेन क्षणभर थांबायचं आणि तिथे शाई फुटायची. पहिल्या कागदांवर ते डाग तिला खटकले. मग तिने ते मुद्दाम राहू दिले, कारण त्यांनी दगडाला खडबडीतपणा आला. याला चित्र काढणं नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?

यंत्राने चित्र काढणं नवंही नाही. चित्रकार व्हेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणक आणि प्लॉटरवर (संगणकाच्या सूचनांनुसार पेनाने रेषा काढणाऱ्या यंत्रावर) चित्रं केली. त्याआधी त्या यंत्राला द्यावेत तसेच नियम ठरवून हाताने काढत. हॅरोल्ड कोहेन हे तर नावाजलेले चित्रकार. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘आरॉन’ ही चित्र काढणारी संगणकप्रणाली लिहायला घेतली आणि २०१६ मध्ये निधन होईपर्यंत ते तिच्यावर काम करत राहिले. तीही कृत्रिम बुद्धिमत्ताच होती. पण तिला काय यावं, हे कोहेन एकेक नियम लिहून शिकवत. आजची एआय प्रणाली इतरांच्या कोट्यवधी चित्रांवरून शिकते आणि एका वाक्यावर चित्र हातात ठेवते. मुलाने त्यात काय पाहिलं, काय निवडलं, हे परीक्षकाने विचारायलाच हवं.

त्यासाठी आयोजकांनी चित्रासोबत कच्ची स्केचेस मागवावीत, यंत्र वापरलं असेल तर सूचनांचा कागद मागवावा आणि मुलांशी पाच मिनिटं बोलावं. प्रिंट आणणारा मुलगा तिथेच अडखळेल, त्याला घाटावर बसवून शिकवता येईल. यंत्रचित्रांचा गट वेगळा ठेवायलाही हरकत नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला आपण भूमिती शिकवतोच, तिला जोडूनच हे यंत्र वर्गात आणता येईल. सातपूर-अंबडच्या कारखानदारांनी भंगारात जाणाऱ्या चालू स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटर) शाळांना दिल्या, तर खर्चही फारसा येणार नाही. नियम छापून येण्याआधी आयोजकांनी कलाशिक्षकांची एक बैठक बोलवावी, ही कळकळीची विनंती.

– एक कलाशिक्षिका, सिडको, नाशिक