म्हणींच्या फाइलबद्दल सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. टर्मिनलवर (संगणकाला लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत) एखादं वचन दाखवणाऱ्या 'फॉर्च्यून' या प्रोग्रामसाठी जमवलेल्या म्हणींमध्ये जातींना आणि विधवांना हिणवणाऱ्या काही म्हणी आल्या आहेत. त्या 'ऑफेन्सिव्ह', म्हणजे आक्षेपार्ह मजकुराच्या वेगळ्या विभागात टाकू, असं काहींचं म्हणणं आहे. तिथला मजकूर 'रॉट13'ने, म्हणजे प्रत्येक अक्षराऐवजी त्यापुढचं तेरावं अक्षर लिहून, झाकलेला असतो. पण त्यात फक्त रोमन अक्षरं बदलतात, देवनागरी जशीच्या तशी राहते. म्हणजे फाइल उघडली की सगळं उघडं. शिवाय ज्याच्या जातीवर म्हण आहे, तोही आपल्यासोबत फुकट राबतोय, हे कसं विसरायचं? जन्मावरून हिणवणाऱ्या म्हणी काढाव्यात, असं माझं स्पष्ट मत. ग्राम्य, चावट म्हणी खुशाल राहू द्या. 'आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं' यावर मात्र मतभेद आहेत. रविवारी रात्रीपर्यंत कारणासह मत कळवा. तोपर्यंत कुणीही फाइल मर्ज करू नये, म्हणजे मुख्य संग्रहात मिसळू नये.