साप चावल्याच्या बातमीत पुढचंही छापा

संपादक साहेब, नमस्कार.

पऱ्हाटी कमरेला आली की तुमच्या पेपरात आतल्या पानावर बातमी राहतेच, शेतात पान लागून, म्हणजे साप चावून, शेतकऱ्याचा मृत्यू, चार ओळीत खतम. त्यात एक वाक्य ठरलेलं, ‘विष अंगात भिनल्याने’. पण भिनते म्हणजे करते काय हे कोणी लिहीत नाही, अन् मग लोक पाय धरून घरीच बसतात, सूज चढली तर पाहू म्हणून.

मी झूलॉजी शिकून शेती करणारा माणूस आहे, म्हणून सांगतो. घोणस, म्हणजे आमच्याकडची परड, अन् फुरसं, यांच्या विषात मेटॅलोप्रोटिनेज नावाचे एन्झाइम असतात, झिंकवर चालणारे. हे पेशीच्या आत शिरत नाहीत, सगळं काम बाहेरूनच. बारीक रक्तवाहिनीची भिंत म्हणजे पेशींचा एकच पातळ थर, तो कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाच्या जाळीवर चिकटलेला, कुडावर सारवण असते तसा. एन्झाइम सारवणाला हात लावत नाही, कुडच कुरतडते. मग रक्ताच्या प्रेशरनं भिंत फुगते, फाटते, पाय काळानिळा होऊन फोड येतात ते यातूनच. अन् ज्या पेशीची पकड सुटली तिला जगा म्हणून जाळीकडून येणारा सिग्नल बंद पडते, आतले कॅस्पेज, म्हणजे पेशी मोडणारे एन्झाइम, जागे होतात आणि पेशी स्वतःच स्वतःला संपवते. या मरणाला १९९४ साली अनोइकिस असं नाव पडलं. तसे आपल्याच पांढऱ्या पेशींचे एन्झाइमही धमन्यांत हेच धंदे करतात, पण त्यांना वर्षं लागतात, परड ते काही तासांत उरकते.

वरून त्याच विषातले दुसरे एन्झाइम रक्त गोठायचं सामान फुकट खर्च करून टाकतात. म्हणजे भिंत गळकी अन् बुजवायला काही शिल्लक नाही, अशात कोणी ब्लेडनं चीर मारली तर रक्त थांबन कसं? आवळून बांधणंही तसंच, विष तिथंच कोंडते, पायाचा रक्तपुरवठा बंद, पायच जायची पाळी. अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरची लस, रक्तात फिरणारं विष धरते, कुरतडलेली भिंत ते लिंपून देत नाही, म्हणून उशीर नडते.

गेल्या हंगामात शेजारच्या काकांना रात्री ओलीत करताना परड चावली. थ्री फेज लाइन रात्रीच येते ना आमच्याकडे, दिवसा कोण देते! पायाला नाडा गच्च आवळलेला, हिरड्यांतून रक्त. दवाखान्यात, नाव नाही लिहीत, रक्ताची तपासणी करायची तर काचेची नळीच नव्हती, प्लास्टिकची घेतली. ही तपासणी लय सोपी आहे, कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून पाहायची, पाण्यासारखं वाहलं तर विष चढलं. पण प्लास्टिकमध्ये चांगल्या माणसाचंही रक्त नीट गोठत नाही, साबणानं धुतलेल्या काचेतही तेच, मग त्या रिझल्टला अर्थ काय राहिला. काका हिरड्यांमुळं ओळखू आले, लस लागली, वाचले, पण टाचेची जखम आजही ओली आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं की साप चावलेल्या प्रत्येकाची नोंद करा, चांगलंच आहे. पण तुमच्या तालुका वार्ताहराला एवढं सांगा बाप्पा, की पुढच्या बातमीत किती वाजता चावला, किती वाजता अँटीव्हेनम लागलं, मधले तास कुठं गेले, मांत्रिकाकडं की गाडी शोधण्यात, हे लिहा, अन् त्या पीएचसीत काचेची नळी होती का हेही विचारून या.

– एक वाचक शेतकरी, यवतमाळ जिल्हा