खालच्या मजल्यावरच्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

गेल्या आठवड्यात दादाला एक फोटो पाठवला. पांढऱ्याशुभ्र बर्फात एक गुडघा टेकून बसलेला सैनिक, डाव्या बाजूने तिरपा उजेड. पाच मिनिटांत त्याचा फोन आला, "अगं, याचा अंगठा मी तोडला होता!" मग तासभर आम्ही फक्त त्या सैनिकांबद्दल बोललो. फोन ठेवल्यावर पहिली आठवण तुमची झाली. तुम्ही लेकीकडे नाशिकला गेलात आणि नीट आभार मानायचे राहूनच गेले. खेळण्यांचे फोटो काढायला धडपडणाऱ्या आणखी कुणालाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवते आहे.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले ती मोबाइलवरचे फोटो घेऊन. फनस्कूल कंपनीचे जी.आय. जो, म्हणजे प्लास्टिकचे खेळण्यातले सैनिक, नव्वदच्या दशकात आम्हा भावंडांना वाढदिवसांना मिळालेले. उंची जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर. फ्लॅशने सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक पडले होते. चाळीस वर्षं सराफांचे दागिने टिपलेल्या माणसाला हे दाखवायचं म्हणजे धाडसच, पण तुम्ही फोटो बाजूला ठेवून एवढंच विचारलंत, "तो जमिनीवर उभा आहे ना? मग तू त्याच्या डोक्यावरून का बघतेस?" आणि गुडघे दुखत असतानाही फरशीवर बसून कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणलात. पडद्यावर बघितलं तर माझ्या अभ्यासाच्या टेबलाचं मैदान झालं होतं आणि तो त्या मैदानावर पहाऱ्याला उभा होता.

उजेडाचं तर मी पार उलटं समजत होते. मऊ उजेड म्हणजे मंद उजेड, असं वाटायचं. तुम्ही खिडकीला बटर पेपरची चौकट लावलीत आणि सैनिकाला तिच्या अगदी जवळ ठेवलंत. सूर्य केवढाही प्रचंड असला तरी इथून तो ठिपका दिसतो, म्हणून सावली कडक पडते. कागदावर ऊन पडलं की तो कागदच दिवा होतो, आणि साठ सेंटिमीटरची चौकट म्हणजे त्या सैनिकाच्या उंचीच्या सहापट दिवा. प्लास्टिकच्या गालावरचा चमकता डाग पसरून नाहीसा झाला. दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा तुकडा लावून सावलीतला चेहरा उजळला. शिरस्त्राणाची कड मात्र पार्श्वभूमीत हरवत होती, तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी काळा कागद सरकवलात आणि कड रेघ ओढल्यासारखी उठली. सोन्याच्या बांगडीलाही हेच करतो, म्हणालात. खोलीतली ट्यूबलाइट मात्र बंद करायला लावलीत, कारण दोन रंगांचे उजेड एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू हिरवट पडते.

इतक्या जवळून फोटो काढताना नाक स्पष्ट आणि कान धूसर, हे माझं कायमचं दुखणं. तुम्ही लेन्सचं छिद्र एफ/२.८ वरून एफ/११ वर, म्हणजे बरंच बारीक, आणलंत. मी उत्साहाने आणखी बारीक, एफ/२२ लावलं, तेव्हा तोच फोटो मोठा करून दाखवलात. सगळंच किंचित धूसर झालं होतं, छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो म्हणून. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता, १०० वर, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. आणि पंखा बंद! अर्धा सेकंद शटर उघडं असताना पंख्याच्या वाऱ्याने सैनिक डुलतो, हे मला महिनाभर कळलं नव्हतं. फोकस नेहमी डोळ्यांवर, आणि आधी मऊ ब्रशने धूळ झटकायची, कारण डोळ्यांना न दिसणारा कण फोटोत दगड होऊन बसतो.

पण मला सर्वांत जास्त दिलं ते तुमच्या प्रमाणाच्या हिशेबाने. हे सैनिक माणसाच्या अठराव्या हिश्श्याचे. मी वाळू पसरली होती. तुम्ही म्हणालात, "एक मिलिमीटरचा कण याच्यासाठी अठरा मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ सुपारीएवढा खडा." मग काकूंच्या डब्यातली पांढरी रांगोळी गाळून घेतलीत आणि बर्फ पडला. गवतासाठी गच्चीच्या कठड्यावरचं शेवाळ, धुक्यासाठी धूप. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातला रवा, हळद, राई मी वेगळ्या नजरेने बघते.

तुटलेला अंगठा मी मागे लपवत होते. तुम्ही तो हात पुढे घ्यायला सांगितलात, उजेड बाजूने आणलात आणि म्हणालात, "हा खेळलेला आहे, दिसू दे." हातात बंदूक कोंबताना दादाने तोडलेला तो अंगठा. नवा कोरा सैनिक असता तर दादाने ओळखला नसता, काका.

तुमची बटर पेपरची चौकट माझ्याकडेच आहे, कागद दोनदा बदलला. दिवाळीला नातवाच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडाल ना? त्यांची उंची मोजून कळवा. पाऊस आहे तोवर तेवढ्या मापाचं शेवाळ गोळा करून सुकवून ठेवते. किल्ल्याला सकाळचं ऊन कोणत्या बाजूने येतं, तेही लिहा.

आपली,
वरच्या मजल्यावरची