कायदा न शिकलेल्या न्यायसदस्यांच्या हाती काय द्यायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कायद्याची पदवी नसलेल्या नागरिकांना न्यायदानात स्थान असावे की नसावे, यावर आपल्या दैनिकात वाचकांची चर्चा सुरू आहे आणि दोन्ही बाजूंनी मनापासून लिहिले जात आहे. मात्र अशा व्यक्तीची नेमणूक झाल्यानंतर पहिल्या सुनावणीपूर्वी तिच्या हाती कोणते लेखी मार्गदर्शन द्यायचे, याचा विचार त्यात फारसा आलेला नाही. माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. दक्षिण पॅसिफिकमधील वानुआतू हा चिमुकला देश चार दशकांहून अधिक काळ या प्रश्नाला तोंड देत आहे. त्याचा अनुभव आपल्या वाचकांसमोर यावा म्हणून हे पत्र.

वानुआतू ३० जुलै १९८० रोजी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या संयुक्त राजवटीतून स्वतंत्र झाला. ऐंशीहून अधिक बेटे, सुमारे तीन लाख लोकसंख्या आणि शंभराहून अधिक भाषा असलेल्या या देशात कायदा शिकलेले दंडाधिकारी मोजकेच असतात आणि ते प्रामुख्याने पोर्ट व्हिला आणि लुगनव्हिल यांसारख्या शहरांत बसतात. दूरच्या बेटावरील माणसाने किरकोळ मारहाणीच्या किंवा डुकरांनी बाग उद्ध्वस्त केल्याच्या तक्रारीसाठी बोटीने तिथवर जावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. म्हणून राज्यघटनेच्या ५२व्या अनुच्छेदाने संसदेला गाव किंवा बेट पातळीवर न्यायालये स्थापन करण्यास आणि त्यांत परंपरागत प्रमुखांची भूमिका ठरवून देण्यास सांगितले. त्यानुसार १९८३ साली बेट न्यायालयांचा कायदा झाला. या न्यायालयात स्थानिक रूढींची जाण असलेले किमान तीन सदस्य बसतात आणि त्यांतील निदान एक जण त्या भागातील परंपरागत प्रमुख असावा लागतो. त्यांनी त्या भागातील रूढी लागू करायची असते. मात्र ती लेखी कायद्याशी विसंगत किंवा न्याय, नीती आणि सुव्यवस्थेला बाधक असता कामा नये. पक्षकारांच्या वतीने वकील उभा राहत नाही.

वकील नसल्यामुळे खर्च वाचतो, भाषा सोपी राहते आणि माणसे मोकळेपणाने बोलतात, हे खरेच आहे. परंतु इतर न्यायालयांत न्यायाधीशाने एका बाजूचे म्हणणे न ऐकता निर्णय द्यायला घेतला, तर वकील ताबडतोब हरकत घेतो. येथे हरकत घेणारे कोणी नसते. समोर उभी असलेली स्त्री किंवा तरुण मजूर आपला कोणता हक्क डावलला गेला हे ओळखू शकत नाही आणि ओळखले तरी गावच्या प्रमुखाला भर सभेत अडवणे त्याला शक्य नसते. सुनावणी न्याय्य ठेवण्याचा सगळा भार न्यायसदस्यांवर येतो. म्हणून त्यांना दिलेले मार्गदर्शन हा पक्षकाराचा जवळजवळ एकमेव आधार ठरतो.

अशा मार्गदर्शनात कायद्याच्या कलमांचा सोपा सारांश असला म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. बेटावरची सर्वांत अवघड अडचण नात्यागोत्याची असते. काहीशे वस्तीच्या गावात न्यायसदस्य कोणाचा तरी मामा, कोणाचा व्याही, कोणाच्या चर्चमधला सहकारी असणारच. ‘नात्यातील व्यक्तीचा खटला ऐकू नये’ हा शहरी न्यायालयाचा नियम तेथे अक्षरशः लावला, तर एकही खटला उभा राहणार नाही आणि नियमच नसला, तर प्रत्येक निकालावर संशयाची सावली पडेल. म्हणून मार्गदर्शनात प्रत्यक्ष प्रसंग मांडून सांगावे लागते की, सुनावणीच्या आरंभी सदस्याने आपले नाते सर्वांसमक्ष उघड करावे, दोन्ही बाजूंना त्याविषयी विचारावे, त्यांचे उत्तर नोंदवून घ्यावे. स्वतःच्या घरातील माणूस, स्वतःचे हितसंबंध किंवा आधी स्वतःच मिटवू पाहिलेले भांडण असेल तर मात्र कोणी हरकत घेवो वा न घेवो, बाजूला व्हावे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुनावणीच्या आदल्या रात्री घरी येऊन ‘आमची बाजू जरा ऐकून घ्या’ म्हणणाऱ्या पाहुण्याला काय सांगावे, हेही त्यात असायला हवे. तेथील रीतीनुसार पाहुण्याला दारातून परत पाठवणे हा अपमान असतो. त्याला आदराने बसवून, ‘जे सांगायचे ते उद्या दुसऱ्या बाजूच्या देखत सांगा’ असे म्हणता येते, एवढे साधे वाक्य आधीच हाती असेल, तर भला माणूस चुकीपासून वाचतो.

दुसरी अडचण रूढीच्या मर्यादेची. १९९३ साली मूळच्या टान्ना बेटावरील एका विवाहितेच्या प्रकरणात वानुआतूच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न आला. पतीपासून वेगळे झालेल्या या स्त्रीला प्रमुखांनी बैठक घेऊन, तिच्या इच्छेविरुद्ध जहाजाने टान्नाला पाठवले. पती-पत्नीचा समेट घडवणे हे आपले परंपरागत कर्तव्य आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. न्यायालयाने त्यांना अपहरणाशी संबंधित गुन्ह्यात दोषी ठरवले, कारण घटनेच्या ५व्या अनुच्छेदाने स्त्रीला दिलेले समान हक्क रूढीच्या नावाने काढून घेता येत नाहीत. त्या माणसांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यांना ही सीमारेषा त्यांच्या भाषेत आधी कोणी समजावून दिली होती का, हे विचारल्याखेरीज मला राहवत नाही. कायदे प्रामुख्याने इंग्रजी-फ्रेंचमध्ये छापले जातात, तर सुनावणी बिस्लामा या देशभरच्या सामाईक बोलीत किंवा स्थानिक भाषेत चालते.

निकालाची कारणे लिहिण्याचा भाग मला तितकाच मोलाचा वाटतो. बेट न्यायालयाच्या निकालावर दंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येते. परंतु कोणाचे म्हणणे का मानले, कोणती रूढी लागू केली आणि ती आहे हे कशावरून ठरवले, हे कागदावर नसेल तर वरचे न्यायालय काय तपासणार? २०१३च्या परंपरागत जमीन व्यवस्थापन कायद्याने जमिनीच्या मालकीचे वाद नाकामालकडे, म्हणजे गावच्या परंपरागत सभेकडे, सोपवले आणि तेथील निर्णयाला आव्हान मुख्यतः कार्यपद्धतीतील दोषांवरच देता येते. साहजिकच योग्य माणसांना वेळेत निरोप गेला होता का आणि सभा रीतसर बसली होती का, या नोंदींवर आता सगळे अवलंबून आहे.

न्यूझीलंडच्या अर्थसाहाय्याने आणि ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य न्यायालयाच्या व्यवस्थापनाखाली पॅसिफिकमधील अनेक देशांत न्यायिक प्रशिक्षणाचे कार्यक्रम झाले. त्यांचे मोल मोठे आहे. मात्र कार्यशाळेत ऐकलेले घरी परतल्यावर विरते आणि सदस्यही बदलत राहतात. खटला ऐकताना मांडीवर ठेवता येईल अशी, सुनावणीच्या भाषेतील पुस्तिकाच टिकते.

आपल्याकडेही हा विषय दूरचा नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांची प्रकरणे ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यासोबत दोन समाजकार्यकर्ते सदस्य बसतात, त्यांत एक तरी स्त्री असते आणि नेमणुकीपासून साठ दिवसांत त्यांना प्रशिक्षण मिळावे, असे २०१५चा बाल न्याय कायदा सांगतो. मी स्वतः अशा मंडळावर सदस्य होतो. आम्हाला मिळालेले साहित्य जाडजूड आणि बहुतेक इंग्रजीत होते. ओळखीच्या माणसाच्या मुलाचे प्रकरण आले तर काय करावे, यावर त्यात एक ओळही नव्हती. २०२४ साली पुण्यातील कल्याणीनगरच्या अपघातानंतर मंडळाच्या एका सदस्याने अल्पवयीन चालकाला निबंध लिहिण्याच्या अटीसह जामीन दिला, तेव्हा राज्यभर संताप उसळला आणि पुढे शासनाने दोन सदस्यांच्या नेमणुका रद्द केल्या. त्या आदेशाचे समर्थन मी मुळीच करीत नाही. परंतु एकट्या सदस्यापुढे असे प्रकरण आले तर त्याने काय तपासावे, काय पूर्ण मंडळासाठी राखून ठेवावे आणि कारणे कशी लिहावीत, हे सांगणारी मराठी पुस्तिका प्रत्येक सदस्याच्या मेजावर असावी, ही मागणी त्या गदारोळात कोणी लावून धरल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

उत्तन येथील महाराष्ट्र न्यायिक अकादमीने महिला व बालविकास विभागाच्या साहाय्याने हे काम हाती घ्यावे, अशी माझी विनंती आहे. मसुदा तयार करताना आजी-माजी समाजकार्यकर्ते सदस्य आणि मंडळापुढे उभे राहिलेल्या मुलांचे पालक यांना सोबत घ्यावे, कारण सुनावणी कुठे अडते हे त्यांनाच ठाऊक असते. आपल्या दैनिकाने या मागणीचा पाठपुरावा केल्यास आम्ही काही माजी सदस्य आमची टिपणे विनामूल्य द्यायला तयार आहोत.

आपला विश्वासू,
बाल न्याय मंडळाचा एक माजी सदस्य