स्नेहमेळाव्यातला परिचय बदलायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी जवळ आली की ‘पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग’ अशा बातम्या आपल्या पानांवर येऊ लागतात. प्रार्थना, हजेरी, गुरुजनांचा सत्कार, शाळेला एखादी भेटवस्तू. सगळं मनापासून केलेलं असतं. पण यादीत ऐंशी नावं असताना फोटोत पन्नासच चेहरे का, हे बातमीत कधी येत नाही. गैरहजर राहणाऱ्या प्रत्येकालाच रजेची अडचण नसते. आमच्या पाहण्यात बरेच जण ‘परिचय’ या कार्यक्रमाला घाबरून घरी राहतात. माइक हातात आला की नाव, हुद्दा, गाव, मिस्टर किंवा मिसेस काय करतात, मुलं कुठे सेटल झाली, असा क्रम ठरलेला. ज्याचं दुकान बसलं, जिचा संसार मोडला, ज्यांना मूल नाही, त्यांनी काय बोलायचं? मेळावे भरवण्यात हातभार लावणाऱ्या आम्हा काही जणांना वाटतं की हा परिचयच बदलायला हवा. तो कसा, ते सविस्तर लिहितो.

गाडं यादीपासूनच चुकतं. दहावीच्या निकालावरून यादी केली की आठवी-नववीत शाळा सुटलेले आणि ऑक्टोबरच्या परीक्षेला बसून सुटलेले त्यात येतच नाहीत. आठवीच्या सर्व तुकड्यांची हजेरी धरावी. मुख्याध्यापकांना अर्ज दिला तर कार्यालयातून जनरल रजिस्टर पाहून नावं सांगतात. फक्त नावं मागावीत, रजिस्टरचे फोटो काढू नयेत, त्यात जातीपासून सगळं असतं. एकाच नावाचे दोघे निघाले तर जन्मतारखेचा फारसा उपयोग होत नाही, कारण जुन्या रजिस्टरात कित्येकांची तारीख १ जूनच आहे. आईच्या नावावरून किंवा वाडी-वस्तीवरून खात्री करावी. मुलींची आडनावं बदललेली, काहींची लग्नात नावंही बदललेली. त्यांचा पत्ता माहेरच्या भावाकडून किंवा भावजयीकडून लागतो. मात्र त्यांचा नंबर घेण्याऐवजी आपला नंबर त्यांच्याकडे पोचवायला सांगावं. फोन करायचा की नाही, हे तिचं तिला ठरवू द्यावं.

आता परिचय. साठ जणांना तीन-तीन मिनिटं दिली तरी तीन तास होतात, आणि तीन मिनिटांत कोणी थांबत नाही. सुरुवात अ तुकडीपासून होते. क तुकडीची पाळी येईपर्यंत जेवणाची भांडी मांडलेली असतात आणि सूत्रसंचालक ‘थोडक्यात, थोडक्यात’ म्हणू लागतो. शाळेत मागच्या बाकावर बसलेला इथेही मागेच राहतो. म्हणून परिचय आधी लेखी घ्यावा. ए-फोर कागदाचं अर्धं पान, साधारण सव्वाशे शब्द, आणि चारच प्रश्न: शाळा सुटल्यावर कुठे कुठे राहिलात? सध्या दिवस कशात जातो? मधल्या वर्षांत काय सोसलं, लिहावंसं वाटलं तर? वर्गाकडून काही हवंय का, किंवा वर्गाला काही देता येईल का? हुद्दा, पगार, जोडीदार, मुलं हे रकाने ठेवूच नयेत. ज्याला सांगायचं आहे तो आपण होऊन लिहितो.

‘दिवस कशात जातो’ या प्रश्नाने मोठा फरक पडतो. ‘सीनियर मॅनेजर’ लिहिणाऱ्याला आपलं काम उलगडून सांगावं लागतं, आणि ज्याला हुद्दाच नाही त्याच्याकडेही सांगण्यासारखं निघतं: मोसंबीची चारशे झाडं, एसटीच्या मुक्कामी फेऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं दुखणंखुपणं. सोसलेलं लिहिताना तीन ओळी पुरतात. ‘२०१६ साली आम्ही कायद्याने वेगळे झालो. मुलगी माझ्याकडे आहे, अकरावीत. मी पतसंस्थेत काम करते.’ दोष कोणाचा, कोर्टात काय झालं, यातलं काही लागत नाही. पण एवढं स्वतःच्या शब्दांत छापलेलं असलं की चहाच्या रांगेत ‘मिस्टर नाही आले?’ असं कोणी विचारत नाही. दुसरं लग्न, आंतरजातीय लग्न, लग्नच न करणं, हेही असंच साधेपणाने लिहिलेलं शोभतं.

ज्यांना लिहिणं जड जातं त्यांना फोन करून पंधरा मिनिटं बोलावं, मजकूर उतरवून त्यांना वाचून दाखवावा आणि त्यांनी हो म्हटल्यावरच घ्यावा. हे काम दोघांनीच करावं, एक बाई, एक पुरुष. छपाईचा हिशेब सोपा आहे. ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी छापून मधोमध घडी घातली की चार पानं होतात. साठ जणांची साठ पानं, शिक्षकांची नावं आणि दिवंगतांसाठी चार, म्हणजे चौसष्ट पानं, सोळा कागद. पिना मात्र झेरॉक्सच्या दुकानातून मारून घ्याव्यात, आपला छोटा स्टेपलर मधल्या घडीपर्यंत पोचत नाही. पुस्तिकेत फोन नंबर नकोत, आणि तिची पीडीएफ ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर पडलेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं. मेळाव्याच्या दिवशी मग प्रत्येकाने उभं राहून फक्त नाव आणि तुकडी सांगायची. अर्ध्या तासात सगळे होतात आणि उरलेला वेळ बोलायला मिळतो. त्यासाठीच तर आलेलो असतो!

दिवंगतांची नावं मंचावरून पहिल्यांदा कळता कामा नयेत. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण गेल्याचं एखादीला ऐन कार्यक्रमात समजतं आणि ती कोसळते. दोन ठिकाणांहून खात्री करून, घरच्यांना विचारून, आठवडाभर आधी ग्रुपवर कळवावं. मृत्यूचं कारण वाचू नये.

हळदीकुंकू आणि ओटीचा कार्यक्रम ठेवूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. एका रांगेत बसलेल्या वर्गमैत्रिणींपैकी दोघींना वगळून तबक पुढे जातं, तेव्हा त्या दोघींनी बघायचं कुठे? कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. एका गावाला जमलं ते एका वर्गाला जमायला हवं. सगळ्यांना फूल द्या, गुलाब द्या, पण सगळ्यांना. फिशपाँड ठेवायचेच असतील तर तेही परिचय उतरवणाऱ्या त्याच दोघांनी आधी वाचावेत. शाळेत कोणाला कोणावरून चिडवायचे, ते आता काढू नये. समोर जोडीदार असतात, मुलं असतात, आणि कोणीतरी व्हिडिओ काढतच असतो.

‘वर्गाकडून काही हवंय का’ या चौथ्या प्रश्नाच्या उत्तरांकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावं. ‘काम बघा ना कुठे’ म्हणून काम मिळत नाही. ‘टॅली येतं, जीएसटीची रिटर्न भरतो, सांगली-मिरजेत काम हवं’ असं लिहिलं की तीन जणांना तीन ओळखी आठवतात. आजारपणाची हाक आली तर वर्गणीच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनीसाला, गाठावं आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तो आजार बसतो का ते विचारावं, त्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. रुग्णालय धर्मादाय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन जावं. त्यानंतरही कमी पडलं तर पैसे थेट रुग्णालयाच्या किंवा घरच्यांच्या खात्यावर जावेत, अॅडमिनच्या नव्हे. कोणी किती दिले याची यादी ग्रुपवर नको. आणि मदतीचा मेसेज कोणाच्याही नावाने आला तरी आधी त्याला फोन करून आवाज ऐकावा, कारण नंबर हॅक करून पैसे मागणारे खूप झालेत.

दिवाळीला माहेरी आलेल्या मुली भेटतात म्हणून भाऊबीजेनंतरचा दिवस सोयीचा. तो धरायचा तर परिचयाचे कागद गणपती विसर्जन होताच पाठवायला हवेत आणि मेळाव्याआधी तीन आठवडे घेणं बंद करायला हवं. पुस्तिका यादीतल्या नावांइतक्या छापाव्यात, येणाऱ्यांइतक्या नव्हे. न आलेल्यांच्या पुस्तिका त्याच गावचा वर्गमित्र घरी नेऊन देऊ शकतो.

कळावे,
स्नेहमेळाव्यांच्या आयोजनात मदत करणारे काही माजी विद्यार्थी, सांगली