इचिरोचे न मिळालेले एक मत

संपादक महोदय,

जपानचा बेसबॉलपटू इचिरो सुझुकी २०२५ मध्ये ३९४ पैकी ३९३ मते मिळवून अमेरिकेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये (महान बेसबॉलपटूंच्या सन्मान-दालनात) निवडला गेला, पण चर्चा रंगली ती न मिळालेल्या एका मताची, हे खटकले. जपानमधील ओरिक्स संघाकडून १९९४ ते २००० अशी सलग सात वर्षे पॅसिफिक लीग या तिथल्या व्यावसायिक स्पर्धेत सर्वोत्तम फलंदाजी सरासरी राखून तो २७व्या वर्षी अमेरिकेतील संघाकडून खेळण्यासाठी सिअ‍ॅटलला गेला आणि उत्तुंग फटक्यांचा बोलबाला असताना चपळाई व अचूक टोल्यांच्या बळावर २००४ च्या एकाच हंगामात २६२ हिट्स (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणे) करून त्याने जॉर्ज सिस्लरचा १९२० पासूनचा एका हंगामातील २५७ हिट्सचा विक्रम मोडला. अमेरिकेतील ३,०८९ हिट्समध्ये जपानमधील १,२७८ मिळवू नयेत, असे म्हणणाऱ्यांनी अमेरिकेत उशिरा सुरुवात करूनही त्याने ही मजल मारली, हे तरी ध्यानात घ्यावे.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, पुणे