सुभेदारकाकांना, जाहीरपणे

आदरणीय सुभेदारकाका,
सा. न.

फोनवर आभार मानले तर तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवाल, म्हणून लिहिते आहे. चार लोकांनी वाचावं अशीही इच्छा आहे. त्यात, उडत्या चकत्या, म्हणजे क्ले, फोडायच्या नेमबाजीत माझी लेक का चुकते यावर सल्ले देणारे ते तिघे असले तर उत्तमच.

एक म्हणाले, पोरीचं लक्ष नाही. दुसरे म्हणाले, मुलींना बारा बोरच्या बंदुकीचा धक्का सोसत नाही. काडतुसं विकणाऱ्याने नऊ नंबरची, म्हणजे बारीक छर्ऱ्यांची, खोकी गळ्यात मारली, "छर्रे जास्त, चान्स जास्त." तसा हिशेब खोटा नव्हता. एका काडतुसातल्या २४ ग्रॅममध्ये नऊ नंबरचे पाचशेच्या आसपास छर्रे मावतात, त्याहून जाड साडेसात नंबरचे जेमतेम तीनशे. पण लेक या खेळातला ट्रॅप हा प्रकार खेळते की स्कीट, हे एकानेही विचारलं नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधल्या नेमबाज राठोडांच्या रौप्यपदकावर मात्र तासभर बोलतील!

क्लेवरून नुसती धूळ उडायची. तुकडा पडलेला दिसला नाही की नियमाने तो 'लॉस्ट'. पोर रडकुंडीला आली होती. घरात बंदुकीचा विषय काढायची सोय उरली नव्हती.

भोपाळच्या रेंजवर तुम्ही तिची फेरी मागे उभं राहून बघितलीत, एक शब्द बोलला नाहीत. फायरिंग थांबल्यावर परवानगी काढून मैदानात उतरलात. त्या उन्हात, त्या गुडघ्यांनी, गवतात वाकून काहीतरी शोधत राहिलात. एक अख्खा, न फुटलेला क्ले आणून तिच्या हातात ठेवलात. त्याचा नारंगी रंग दोन ठिकाणी टवका उडाल्यासारखा गेलेला. "हे तुझे छर्रे, बाळा. नेम लागलाय. माल हलका पडतोय."

काका, त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

पुढचं तुम्ही तिलाच समजावलंत, मला नाही, हेही मला फार आवडलं. स्कीटमध्ये क्ले वीसेक मीटरवरून आडवा जातो, तिथे दोन मिलिमीटरचा नऊ नंबर राजा. ट्रॅपमध्ये, म्हणजे तिच्या प्रकारात, तो पाठ फिरवून पळतो, छर्रा पोचेपर्यंत तीस-पस्तीस मीटर लांब गेलेला असतो, आणि समोर येते ती त्याची टणक कड. तिथपर्यंत मोहरीएवढ्या छर्ऱ्याचा जोर ओसरतो. साडेसातचा छर्रा वजनाला दीडपटीहून जास्त, तो जोर टिकवतो.

आता क्लेचे तुकडे पडतात. सगळ्यांचे नाही, पण पडतात.

जाणकार पुष्कळ भेटतात हो. दुसऱ्याच्या पोरीसाठी गवतात वाकणारे कमी. तुमच्यासारखी माणसं अशी न सांगता, न मिरवता कामं करून जातात आणि आपल्याला त्यांचं पूर्ण नावही नीट माहीत नसतं.

त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाहीत. पुढल्या खेपेला ते चालणार नाही. इंदूरची शेव आणि घरचे पोहे डब्यात घेऊन येतेय, लेकीने आत्ताच बजावलंय.

तुमची,
तिची आई